मान्यता कोणाची, कशाला आणि कधीपर्यंत?

पदवीचे निकाल लागले की मानसशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाबद्दल पत्रं येतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत ‘कोर्स मान्यताप्राप्त आहे का?’ हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आहे. त्यातली काही पत्रं निवडून, थोडी आटोपशीर करून, इथे उत्तरं दिली आहेत.

माझी मुलगी सांगलीला बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका खासगी विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत ‘यूजीसी मान्यताप्राप्त, नॅक ए प्लस’ असं लिहून दोन वर्षांचा एम.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी दाखवला आहे. फी वर्षाला अडीच लाख. हा केला की ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होईल ना?
— एक पालक, सांगली

तुम्ही लिहिलेल्या दोन मान्यतांच्या बळावर होणार नाही. कृपया फी भरण्याआधी हे उत्तर पूर्ण वाचा.

यूजीसीची मान्यता म्हणजे विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे, एवढंच. नॅक ही १९९४ साली बंगळुरूला स्थापन झालेली संस्था अख्ख्या महाविद्यालयाची किंवा विद्यापीठाची प्रत लावते. त्यात ग्रंथालय येतं, प्रशासन येतं, संशोधन येतं. मानसशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला किती रुग्ण येतात आणि त्याच्या शेजारी कोण बसतं, हे नॅक बघत नाही. त्यामुळे ए प्लस विद्यापीठातला एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम बिनमान्यतेचा असू शकतो, आणि त्यात कोणी खोटं बोललेलंही नसतं.

क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती जी मान्यता लागते ती भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे बोलीभाषेत आरसीआयची. तिचा कायदा १९९२ चा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे लिहिलेलंच आहे. एकतर परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य अर्हता हवी. नाहीतर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि तिच्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजीतली पूर्णवेळ दोन वर्षांची एम.फिल. हवी. या एम.फिल.मध्ये देखरेखीखालचं रुग्णालयीन प्रशिक्षण असलं पाहिजे, आणि तीही परिषदेने मान्य केलेली असली पाहिजे. दोन्ही वाटा परिषदेच्या दारातूनच जातात.

पदवीच्या नावात ‘क्लिनिकल’ हा शब्द असणं आणि नोंदणी मिळणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. नाव विद्यापीठ ठरवतं, नोंदणी परिषद देते. विद्यापीठाला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘या अभ्यासक्रमाला, या आवारात, या शैक्षणिक वर्षासाठी पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं पत्र आहे का? असल्यास प्रत द्यावी.’ ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ आज मान्यता नाही असाच घ्यायचा.

मान्यता नसलेली एम.एस्सी. वाया जाते असं मात्र नाही. त्यावर नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देता येते, अध्यापन, संशोधन, मनुष्यबळ विभाग, शाळेतलं समुपदेशन या वाटा खुल्या राहतात आणि पुढे मान्यताप्राप्त क्लिनिकल अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षाही देता येते. या प्रवेशाला पदव्युत्तर पदवीत साधारणपणे ५५ टक्के मागतात, राखीव प्रवर्गांना ५०. पण मग त्याच विषयाची एम.ए. सरकारी विद्यापीठात कितीतरी कमी पैशांत होते. अडीच लाखांतला मोठा भाग तुम्ही ‘क्लिनिकल’ या एका शब्दासाठी देताय का, हे घरात बसून ठरवा.

मान्यतेचं पत्र मागितलं तर विभागाने दाखवलं. इंग्रजी दीड पान आहे. त्यात नेमकं काय बघायचं?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

पत्र मागितलंत हे फार चांगलं केलंत. आता ते असं वाचा.

आधी संस्थेचं नाव आणि पत्ता बघा. मान्यता ठरावीक संस्थेच्या ठरावीक ठिकाणाला असते. एका शिक्षणसंस्थेची पुण्यात आणि नवी मुंबईत अशी दोन महाविद्यालयं असतील, तर पुण्याचं पत्र नवी मुंबईला चालत नाही. मग अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव बघा आणि प्रवेशाच्या जाहिरातीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. परिषदेकडे विशेष शिक्षण, वाचा व श्रवण असे अनेक अभ्यासक्रम आहेत. ‘आमची संस्था आरसीआय मान्यताप्राप्त आहे’ हे वाक्य बी.एड. विशेष शिक्षणाच्या जोरावरही खरं ठरतं.

तिसरी गोष्ट, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. मान्यता कायमची नसते, ती मुदतीची असते आणि नूतनीकरण करावं लागतं. तुमचं प्रवेशाचं वर्ष त्या मुदतीच्या आत पडलं पाहिजे. चौथी गोष्ट जागांची, आणि इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात. पत्रात ८ जागा असतील आणि वर्गात १४ जण बसलेले असतील, तर वरच्या ६ जणांचं शिक्षण, फी, हजेरी सगळं इतरांसारखंच होतं. फरक कळतो तो दोन वर्षांनी, नोंदणीच्या वेळी. म्हणून जागा किती आणि प्रवेश किती हे पहिल्या आठवड्यातच विचारा. परिषदेला विद्यार्थ्यांची जी यादी कळवली त्यात आपलं नाव आहे याचा लेखी पुरावा विभागाकडून घ्या.

शेवटी पत्राचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीशी जुळवा. यादीत नाव आहे पण अभ्यासक्रम वेगळा, किंवा अभ्यासक्रम आहे पण मुदत संपलेली, असं दिसलं तर थांबा. प्रवेश झाल्यावर त्या दिवशीच्या यादीच्या पानाची छापील प्रत तारखेसह फाइलला लावा. याद्या बदलतात, पुढे कधी वाद झालाच तर आपण कशावर विसंबून प्रवेश घेतला हे दाखवता येतं.

एम.फिल. बंद झालं म्हणतात. माझी क्लिनिकल सायकॉलॉजीतली एम.फिल. २०१९ ची आहे. ती आता ग्राह्य नाही का?
— छत्रपती संभाजीनगर

पूर्ण ग्राह्य आहे. यूजीसीने ७ नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत एम.फिल. देणं थांबवलं, पण त्याआधी सुरू झालेल्या एम.फिल. अभ्यासक्रमांना हा नियम लागू नाही असं त्याच नियमावलीत लिहिलं आहे. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांची अडचण लक्षात घेऊन जानेवारी २०२४ मध्ये यूजीसीने या दोन एम.फिल.ची वैधता २०२५-२६ या शैक्षणिक सत्रापर्यंत वाढवली. त्यानंतरच्या सत्रासाठी कोणी ‘एम.फिल. क्लिनिकल’ची जाहिरात करत असेल, तर यूजीसीचा नवा लेखी आदेश दाखवा म्हणावं.

तुम्ही फक्त आपल्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख सांभाळा. पदवी कायम राहते, नोंदणीला मुदत असते, आणि तिच्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. शेवटच्या महिन्यात धावपळ करून ते पुरे होत नाहीत.

रुग्णालय, वॉर्ड, सुपरव्हिजन यांच्यावर एवढा भर का? पुस्तकं आणि चाचण्या घरी बसूनही शिकता येतात. आणि एखाद्या विभागात हे खरंच होतं की कागदावरच, हे बाहेरच्याने ओळखायचं कसं?
— नागपूर

मान्यतेच्या सगळ्या कागदांमागे मूळ प्रश्न तुम्ही विचारलात तोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुद्धिमापनाचंच उदाहरण घ्या. डॉ. वि. वि. कामत यांनी बिने चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी जे रूपांतर केलं ते बिने-कामत चाचणी म्हणून आजही आपल्याकडे वापरलं जातं. तुमच्या नागपुरातच डॉ. मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीचं आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचं भारतीय रूपांतर केलं. या चाचण्या घ्यायच्या कशा हे वाचून समजतं. आता समजा, ग्रामीण भागातला एक मुलगा ‘शाळेत काही येत नाही’ म्हणून ओपीडीत आणलाय. तारीख १ ऑक्टोबर. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, म्हणजे वय १० वर्षं ४ महिने, १२४ महिने. चाचणीत मानसिक वय निघालं ८४ महिने. ८४ भागिले १२४ गुणिले १००, म्हणजे बुद्ध्यांक ६८. सत्तरच्या खाली. विद्यार्थ्याने अहवाल लिहिला: सौम्य बौद्धिक अक्षमता.

सुपरव्हायझर अहवाल हातात घेते आणि पहिलं बोट ठेवते ते जन्मतारखेवर. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लावून टाकलेली किती मुलं आहेत! आईला विचारलं, लसीकरणाचं कार्ड मागितलं, तर खरा जन्म त्याच वर्षीच्या १ डिसेंबरचा. वय ११८ महिने. ८४ भागिले ११८ म्हणजे ७१. तोच मुलगा, तीच उत्तरं, पण आता सत्तरच्या वर. पुढचा प्रश्न येतो: चाचणी कोणत्या वयोगटापासून सुरू केलीस? त्या गटातले सगळे प्रश्न त्याला आले होते का, की एक चुकलं तरी तसंच पुढे गेलास? घरी बोली कोणती? सामाजिक परिपक्वता किती निघाली? तो एकटा दुकानात जाऊन सुटे पैसे मोजून आणतो का? ऐकू नीट येतं का, हे कोणी तपासलंय? अर्ध्या तासात अहवालाचा निष्कर्ष बदलतो, आणि त्याबरोबर त्या मुलाच्या नावावर जन्मभर राहू शकणारं एक प्रमाणपत्रही.

ही अर्धा तासाची बैठक हेच प्रशिक्षण आहे. मान्यता म्हणजे अशी बैठक प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक केसवर होईल इतकी माणसं, इतके रुग्ण आणि इतका वेळ त्या जागी आहे याची कोणीतरी तपासून दिलेली ग्वाही. म्हणून जागा थोड्या ठेवतात. शिक्षक दोन आणि विद्यार्थी वीस झाले की बैठका गटात होतात, मग आठवड्यातून एकदा होतात, मग फाइलवर नुसती सही होते.

देशात हे प्रशिक्षण सुरूच झालं ते रुग्णालयात. बंगळुरूच्या तेव्हाच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, आजच्या निमहान्समध्ये, १९५५ साली वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. एम.फिल.च्या अभ्यासक्रमाची ठेवणही तशीच राहिली. पहिल्या वर्षी मनोविकृतीचा मनोसामाजिक पाया, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती आणि मनोविकारशास्त्र, सोबत मापनाची प्रात्यक्षिकं. दुसऱ्या वर्षी वर्तनाचा जैविक पाया, मनोपचार व समुपदेशन आणि वर्तनवैद्यक, सोबत उपचारांची प्रात्यक्षिकं आणि प्रबंध. क्रम मुद्दाम असा आहे: आधी माणूस नीट पाहायला शिका, मग त्याच्यावर उपचार करायला.

आता कागद आणि वास्तव कसं ओळखायचं. विभागप्रमुखांना भेटण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये भेटा. विचारा: काल किती रुग्ण पाहिलेस? शेवटचा अहवाल किती वेळा परत आला? ज्याचा एकही अहवाल परत आलेला नाही त्याचे अहवाल कोणी वाचतच नाही असं समजा. भरती रुग्णांचा वॉर्ड आहे की फक्त ओपीडी? फक्त ओपीडीत तीव्र मनोविकाराचा रुग्ण पहिल्या दिवसापासून बरा होईपर्यंत बघायला मिळत नाही. रुग्णालय संस्थेचं स्वतःचं आहे की कराराने घेतलेलं? आपल्याकडे ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. करार अशा ठिकाणाशी असेल तर आठवड्यातले किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारा. महिन्यातून एकदा बस करून नेऊन आणत असतील तर ती सहल झाली. चाचण्यांचे संच मूळ आहेत की झेरॉक्स, हेही बघा. झेरॉक्समध्ये चित्रांच्या छटा जातात आणि नियमपुस्तिकेतली पानं हमखास गळलेली असतात.

शिक्षकांची नावं आणि त्यांचे सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतले नोंदणी क्रमांक, मागा. त्यातलं एखादं नाव दुसऱ्या शहरातल्या महाविद्यालयाच्या यादीतही पूर्णवेळ म्हणून दिसलं, तर उत्तर तुमच्या हातात आलं.

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. मानसशास्त्र केलं तर चालेल?
— लातूर

नव्याने प्रवेश घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. एकाच बी.ए.त अनेक विषय असतील तर बाकीचे राहतात, मानसशास्त्र गळतं. ही मनाई नव्या प्रवेशांसाठी आहे. आधी घेतलेल्या पदवीची कागदपत्रं, विशेषतः त्या वर्षीची दूरशिक्षण मंडळाची परवानगी, जपून ठेवा.

मी एम.ए. समुपदेशन मानसशास्त्र आहे. कोल्हापुरात स्वतःचं केंद्र सुरू करायचं आहे. आरसीआय नोंदणी नाही. बेकायदा ठरेल का? आणि एक वर्षाचा पीडीसीपी केला तर?
— कोल्हापूर

समुपदेशन करणं बेकायदा नाही. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणं मात्र तुम्हाला चालणार नाही. पुनर्वास परिषदेच्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणी नसताना तो व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम पाहून कोणी हलक्यात घेऊ नये. वर्षभराची कैदही त्याच ओळीत आहे.

पाटीवर ‘समुपदेशक’ आणि तुमची पदवी जशी आहे तशी लिहा. ‘क्लिनिक’ हा शब्द टाळा. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी किंवा परीक्षेतल्या सवलतीसाठी बुद्धिमापनाचा अहवाल मागायला पालक येतील, त्यांना नम्रपणे नोंदणीकृत व्यक्तीकडे पाठवा. तुमच्या सहीचा अहवाल खिडकीवरून परत आला तर मुलाचं वर्ष जातं. जवळच्या मनोविकारतज्ज्ञांशी आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी आधीच बोलून ठेवा: आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारी, भास होणारी व्यक्ती आली तर कुठे आणि कशी पाठवायची, फोन कोण उचलेल, हे पहिला रुग्ण येण्याआधी ठरलेलं हवं.

तुमच्या शाखेसाठी वेगळा कायदा आहे: सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा, २०२१ चा. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्य या गटात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक येतात. पुनर्वास परिषदेच्या कक्षेतले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यातून वगळले आहेत. या कायद्यात राज्य परिषदेकडे नोंदणीची तरतूद आहे, म्हणून गुणपत्रिका, प्रात्यक्षिकांचे तास आणि देखरेख केलेल्या व्यक्तीचं सहीशिक्क्याचं पत्र आत्ताच एका फाइलला लावून ठेवा. दहा वर्षांनी ते महाविद्यालयातून मिळवणं फार कठीण जातं.

पीडीसीपी ही पुनर्वास परिषदेची क्लिनिकल सायकॉलॉजीतली एक वर्षाची पदविका आहे. तिच्यावर होणारी नोंदणी सहायक दर्जाची, ‘असोसिएट’ म्हणून असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली काम करण्यासाठी. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा तो जोडरस्ता नाही. प्रवेश देताना कोणी तसं सांगत असेल तर लिहून मागा.

मुलाला अमेरिकेत सायकॉलॉजीची डॉक्टरेट करायची आहे. ‘एपीए अ‍ॅक्रेडिटेड’ बघा असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय बघायचं?
— ठाणे

अमेरिकेत ही पद्धत फार जुनी आणि काटेकोर आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याला हजारो मानसशास्त्रज्ञ हवे होते आणि कोणत्या विद्यापीठातली माणसं खरोखर शिकलेली आहेत हे कळायला मार्ग नव्हता. त्या गरजेतून अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, म्हणजे एपीएने, १९४८ च्या सुमाराला डॉक्टरेट कार्यक्रमांना मान्यता द्यायला सुरुवात केली. आजही ते खातं मानसशास्त्रज्ञ नेमताना मान्यताप्राप्त डॉक्टरेट आणि मान्यताप्राप्त इंटर्नशिप मागतं.

मान्यता तीन टप्प्यांना वेगवेगळी मिळते: डॉक्टरेटचा कार्यक्रम, इंटर्नशिप, आणि त्यानंतरची रेसिडेन्सी. विद्यापीठाला कधीच नाही. एकाच विद्यापीठातला क्लिनिकलचा पीएच.डी. मान्यताप्राप्त आणि शेजारचा पीएसवाय.डी., म्हणजे व्यवसायाकडे जास्त कल असलेली डॉक्टरेट, बिनमान्यतेचा, असं असू शकतं. शाखाही ठरलेल्या आहेत: क्लिनिकल, कौन्सेलिंग, स्कूल आणि त्यांची संयुक्त रूपं. सामाजिक किंवा औद्योगिक मानसशास्त्राच्या डॉक्टरेटला ही मान्यता नसते, त्यात त्या विभागाची काही कमतरता नाही.

दर्जाचे शब्द नीट वाचा. ‘अ‍ॅक्रेडिटेड’ म्हणजे पूर्ण. ‘ऑन कंटिंजन्सी’ म्हणजे कार्यक्रम नवा आहे, मान्यता आहे, पण निकालांची आकडेवारी अजून द्यायची आहे. ‘ऑन प्रोबेशन’ म्हणजे त्रुटी सापडल्या आहेत आणि सुधारायची मुदत चालू आहे. आणि ‘इंटेंट टू अप्लाय’ ही मान्यताच नव्हे. तो नुसता इरादा आहे. पूर्ण ऑनलाइन डॉक्टरेटला एपीए मान्यता देत नाही.

प्रत्येक मान्यताप्राप्त डॉक्टरेट कार्यक्रमाला आपली आकडेवारी संकेतस्थळावर उघड ठेवावी लागते, आणि आमच्या मते निवड त्या तक्त्यावरूनच करावी. त्यात चार गोष्टी शोधा. पदवी पूर्ण करायला प्रत्यक्षात किती वर्षं लागली. अर्ध्यावर सोडून गेलेले किती. इंटर्नशिप मिळालेल्यांपैकी मान्यताप्राप्त इंटर्नशिप किती जणांना मिळाली. कारण ‘सर्वांना इंटर्नशिप मिळाली’ हे वाक्य बिनमान्यतेच्या जागा धरूनही लिहिता येतं. आणि शेवटी परवाना किती जणांना मिळाला. परवाना राज्य सरकार देतं, एपीए नाही. त्यासाठी ईपीपीपी ही परीक्षा आणि देखरेखीखालचे तास लागतात, तासांचा आकडा राज्यागणिक बदलतो.

परदेशी विद्यार्थ्याची एक अडचण भारतात सहसा कोणी सांगत नाही. डॉक्टरेटमधलं पूर्ण एक वर्ष इंटर्नशिपचं असतं आणि ती देशव्यापी जुळणीतून मिळते. माजी सैनिकांच्या खात्यातल्या जागा खूप आहेत, पण त्यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. म्हणजे व्हिसावर असलेल्या मुलासाठी मोठा हिस्सा आधीच बंद. म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचारा: गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडच्या परदेशी विद्यार्थ्यांना इंटर्नशिप कुठे मिळाली? खर्चाचंही तसंच. पीएच.डी.त बहुधा शिक्षणशुल्क माफ असतं आणि विद्यावेतन मिळतं, पीएसवाय.डी.त बहुधा फी भरावी लागते. पाच-सहा वर्षांचा हिशोब डॉलरमध्ये मांडून मगच ठरवा.

मुलगा परत येणार असेल तर आणखी एक. परदेशी पदवीच्या समकक्षतेचा दाखला पदवीपुरता असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणीसाठी पुनर्वास परिषदेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यासाठी अभ्यासक्रमाचा सविस्तर आराखडा, रुग्णालयीन तासांची नोंद आणि सुपरव्हायझरच्या सह्या तिथे असतानाच घेऊन ठेवाव्यात.

इंग्लंडमध्ये एक वर्षाची एम.एस्सी. केली तर? ‘बीपीएस अ‍ॅक्रेडिटेड’ लिहिलंय.
— मडगाव

ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची ती मान्यता बहुधा रूपांतर अभ्यासक्रमाची, म्हणजे दुसऱ्या विषयातून मानसशास्त्रात येणाऱ्यांसाठीच्या अभ्यासक्रमाची, असेल. ती मिळाली की सोसायटीच्या सनदी सदस्यत्वाचा पाया तयार होतो आणि डॉक्टरेटला अर्ज करता येतो. व्यवसायाचा परवाना मिळत नाही. तिथे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही संज्ञा कायद्याने राखीव आहे, जुलै २००९ पासून तिची नोंदवही एचसीपीसी या नियामक संस्थेकडे आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांची क्लिनिकल डॉक्टरेट लागते. कॅनडाचा विचार असेल तर तिथले कार्यक्रम कॅनडाच्याच संघटनेच्या मान्यतेवर तपासा, एपीएने तिथे मान्यता देणं २०१५ मध्ये थांबवलं.

आमच्या दुसऱ्या वर्षात कळलं की महाविद्यालयाची मान्यता मागच्याच वर्षी संपली आहे. विभाग म्हणतो, ‘मुदतवाढ येईल, काळजी करू नका.’ आम्ही सहा जण आहोत. काय करावं?
— नाव न छापण्याची विनंती

तुमचा प्रवेश मुदत संपण्याआधीच्या सत्रातला आहे की नंतरच्या, हे आधी पक्कं करा. मुदतीच्या आतला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. मुदतीनंतरचा असेल तर आजपासून कामाला लागा.

आज प्राचार्यांना सहा जणांच्या सहीचं पत्र द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. त्यात तीन गोष्टी मागा: मान्यतेच्या शेवटच्या पत्राची प्रत, मुदतवाढीच्या अर्जाची तारीख व पोच, आणि तुमच्या तुकडीची परिषदेला कळवलेली यादी. तोंडी उत्तर घेऊ नका. त्याच आठवड्यात परिषदेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून होतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न सुटे आणि छोटे ठेवा: ‘या संस्थेला या अभ्यासक्रमासाठी कोणत्या दिनांकापासून कोणत्या सत्रापर्यंत मान्यता होती? मंजूर जागा किती? मुदतवाढीचा अर्ज कोणत्या दिनांकाला आला? त्यावर आजपर्यंतच्या कार्यवाहीची प्रत द्यावी.’ ‘आमची पदवी वैध राहील का?’ असं विचारू नका. ते मत झालं, माहिती नव्हे, आणि त्या एका वाक्यावर अर्ज निकाली काढता येतो.

तोवर हजेरी सोडू नका. केस-फाइल, सुपरव्हिजनची नोंदवही, रुग्णालयातल्या ड्युटीचं वेळापत्रक यांवर तारखेसह सह्या घेत राहा. रुग्णांची नावं काढून टाकलेल्या नोंदीच स्वतःजवळ ठेवा. मुदतवाढ मागील तारखेपासून मिळाली तर याच नोंदी तुमचं प्रशिक्षण नियमित झालं होतं हे दाखवतील. मिळाली नाही, तर फीपरताव्यासाठी आणि दुसरीकडे सामावून घेण्याच्या मागणीसाठी विद्यापीठाकडे आणि परिषदेकडे जाताना याच लागतील. फीच्या पावत्या आणि प्रवेशाच्या वेळची माहितीपुस्तिका, ज्यात ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द आहे, तीही त्याच फाइलला लावा. सहाही जण एकत्र राहा. एकेकट्याला बोलावून समजूत काढली जाते तेव्हा उत्तर एकच ठेवा, ‘सर, लेखी द्या.’

मुलीची चाचणी करून घ्यायची आहे. समोरची व्यक्ती खरंच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे हे कसं ओळखावं?
— एक आई, नाशिक

अपॉइंटमेंट घेतानाच सीआरआर नंबर विचारा. नोंदणीकृत व्यक्तीला या प्रश्नाचा राग येत नाही. तो नंबर त्यांच्या अहवालावर सहीखाली असतोच. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नंबर टाकून नाव, व्यवसायाचा प्रकार आणि नोंदणीची मुदत पाहा. प्रकाराच्या रकान्यात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हवं. विशेष शिक्षकांनाही याच नोंदवहीत नंबर असतो, आणि त्यांचं कामही मोलाचं आहे, पण ते वेगळं. चाचणीच्या दिवशी लसीकरणाचं कार्ड आणि शाळेचा दाखला दोन्ही घेऊन जा, आणि जन्मतारखा वेगळ्या असतील तर विचारण्याआधीच सांगा.